बिलावर चिपसेटचं नाव लिहून घ्या

खर्ड्यातला कॉलेजचा मुलगा मोबाइल घ्यायला गेला की दुकानदाराला आधी विचारतो, "स्नॅपड्रॅगन आहे का मीडियाटेक?" कॅमेरा आणि बॅटरीचं नंतर. गेम अडकेल का, फोन तापेल का, दोन वर्षं टिकेल का, याचा अंदाज तो या एका उत्तरावरून बांधतो. तोच मुलगा वडिलांना घेऊन कॉम्प्युटर आणायला जामखेडला, नगरला किंवा थेट पुण्याच्या तपकीर गल्लीत जातो, तेव्हा मात्र "आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम आहे, एसएसडी टाकलीय" एवढ्यावर मान डोलावतो. दहा-बारा हजारांत आय-सेव्हन मिळतोय म्हटल्यावर वडीलही खूश. आत बोर्ड कोणता, त्यावर चिपसेट कोणता, हे कुणी विचारत नाही. दुकानदार आपणहून सांगत नाही, आणि बिलावर "कॉम्प्युटर सेट, १ नग" एवढंच लिहिलेलं असतं. काही वेळा बिलही नसतं.

ते विचारा, आणि बिलावर लिहून घ्या. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच.

कारण असं, की कॉम्प्युटरमधली जवळजवळ प्रत्येक वस्तू पुढेमागे बदलता येते. रॅम कमी पडली तर वाढवता येते, डिस्क बदलता येते, एसएमपीएस जळाला तर नवा बसतो, प्रोसेसरसुद्धा काढून दुसरा घालता येतो. चिपसेट मात्र बोर्डाला खालून शेकडो बारीक टाक्यांनी डाकलेला असतो. तो गेला म्हणजे बोर्ड गेला. आणि तो जुना असेल, तर बाकी काय काय बदलता येईल याची हद्द त्यानेच ठरवून टाकलेली असते.

आपल्याकडे अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात. म्हणा, हरकत नाही. त्या पेटीचं झाकण एकदा उघडून बघा. पंख्याखाली झाकलेला असतो तो खरा प्रोसेसर. बोर्डाच्या खालच्या अंगाला, बहुतेक वेळा उजव्या कोपऱ्याकडे, एक चपटा ॲल्युमिनियमचा तुकडा दिसेल. त्यावर पंखा नसतो, फार तर कंपनीचं नाव असतं. चिपसेट त्याच्याखाली आहे. तुम्ही कीबोर्डवर बोट ठेवलंत, पेनड्राइव्ह लावलात, प्रिंट दिलीत, डिस्कवरून फाइल उघडलीत, इंटरनेटची वायर जोडलीत, स्पीकरवर गाणं लावलंत, तर साधारणपणे ही सगळी ये-जा त्या तुकड्याखालून होते. चालू करताना कॉम्प्युटर पहिल्यांदा वाचतो तो बायोसही याच वाटेने. बटणसेलवर चालणारं घड्याळही इथलंच. हिशोब प्रोसेसर करतो. त्या हिशोबाला लागणारं सामान आणून देणं आणि उत्तर जिथल्या तिथे पोचवणं हे चिपसेटचं काम.

खर्ड्याच्या माणसाला हे समजावून सांगायला लांब जायला नको. ११ मार्च १७९५ ला इथे निजामाचा पराभव झाला. शिंद्यांच्या कवायती पलटणी, होळकरांचं आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य, पटवर्धनांचं पथक, प्रत्येकाचा सरदार वेगळा आणि मानापमानही वेगळे. त्यांची मोट नाना फडणवीसांनी बांधली आणि रणांगणावर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाती सूत्रं दिली. नानांनी स्वतः तलवार चालवली नाही. पण ते नसते, तर ही सैन्यं एका वेळी एका माळावर उभीच राहिली नसती. चिपसेटचं काम नानांच्या जातीचं आहे.

पूर्वी हा एकच तुकडा नव्हता. १९८४ च्या आयबीएमच्या पीसी-एटी बोर्डावर हे काम करायला सुट्या चिपांची गर्दी असायची. १९८० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या चिप्स अँड टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीने त्यातल्या डझनावारी चिपांचं काम मोजक्या चिपांत आणून बसवलं आणि तो संच कुणालाही विकायला ठेवला. मग तैवानपासून आपल्याकडच्या असेंबल करणाऱ्यांपर्यंत कुणीही आयबीएमसारखा कॉम्प्युटर जोडू लागला. एमकेसीएल २००१ मध्ये निघाली, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात उघडले, तेव्हा त्या वर्गांत ओळीने मांडायला स्वस्त मशीन मिळाली ती या असेंबल करण्याच्या सोयीमुळे. पुढे चिपसेटची दोन तुकड्यांत वाटणी होती: रॅम आणि डिस्प्ले सांभाळणारा नॉर्थब्रिज, बाकीचं सांभाळणारा साउथब्रिज. रॅम सांभाळण्याचं काम एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरच्या पोटात घेतलं. नॉर्थब्रिज हळूहळू संपला. आज आपण चिपसेट म्हणतो तो जुन्या साउथब्रिजचा वारस. दुरुस्तीवाले अजूनही त्याला साउथब्रिजच म्हणतात.

वेगवान प्रोसेसर एकटा काही करू शकत नाही, हे पुण्यातल्या लोकांना फार आधी कळलं होतं. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर जातीच्या चिपा एकमेकींना जोडून. त्या प्रत्येक चिपेला शेजारणींशी बोलायला चार वाटा होत्या, आणि परमची सगळी करामत त्या जोडणीत होती. असो. आपण दहा-बारा हजारांच्या सौद्याकडे येऊ.

"आय-सेव्हन" या शब्दावर जाऊ नका. आय-सेव्हन २००८ पासून निघतोय. कोणत्या पिढीचा, ते त्याच्या पुढच्या आकड्यात असतं. आय-फाइव्ह ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ४५७० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी, १२४०० म्हणजे बारावी. आकडा पाचअंकी असेल तर पहिले दोन अंक बघायचे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर बाजारात सर्रास दिसतो तो एच६१ चिपसेटचा बोर्ड. चौथ्या पिढीबरोबर एच८१. सहाव्या-सातव्याबरोबर एच११०. आठव्या-नवव्याबरोबर एच३१०. दहाव्याला एच४१०, अकराव्याला एच५१०, आणि बारावी ते चौदावी पिढी म्हटली की एच६१०. एच अक्षराचे हे बोर्ड त्यातल्या त्यात स्वस्त, बहुतेकांवर रॅमच्या दोनच खाचा. बी अक्षराच्या बोर्डांवर सोयी जास्त. झेड हौशी लोकांसाठी, ज्यांना प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवायचा असतो. अकाउंट, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म आणि मुलांचा अभ्यास यासाठी झेडवर पैसे घालवणं मला तरी पटत नाही.

एच६१ हा २०११ चा चिपसेट. त्याच्या स्वतःच्या अंगात यूएसबी ३.० नाही. बोर्डावर निळा पोर्ट दिसलाच, तर तो वेगळी चिप लावून दिलेला असतो. डिस्कची जोडणीही जुन्या, निम्म्या वेगाची. रॅम दोन खाचांत मिळून सोळा जीबी, तीही डीडीआर-३ जातीची, म्हणजे आजच्या नव्या बोर्डांवर न चालणारी. याच बोर्डांच्या नव्याने बनवलेल्या स्वस्त आवृत्त्यांवर हल्ली एम-टू डिस्कची खाच दिलेली दिसते आणि ग्राहक हरखतो. पण त्या काळच्या बायोसला एनव्हीएमई डिस्कवरून विंडोज सुरू करणं बहुतेकदा जमत नाही. तेव्हा खाच बघून भुलू नका. "या खाचेतल्या डिस्कवरून विंडोज सुरू करून दाखवा" म्हणा, आणि समोर सुरू होईपर्यंत पैसे देऊ नका.

दुसरी फसगत सॉकेटची. सहाव्या आणि सातव्या पिढीच्या प्रोसेसरला ११५१ टोकांचं सॉकेट लागतं. आठव्या-नवव्यालाही ११५१ च. दिसायला तेच आणि बसतंही तिथेच. पण आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० वर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो. २०१७ मध्ये इंटेलने हा बदल केला तेव्हा जगभर लोकांनी शिव्या घातल्या, उपयोग झाला नाही. "बोर्ड तोच ठेवा, फक्त प्रोसेसर आठव्या पिढीचा टाकतो" असं कुणी म्हणालं, तर समजा की त्याला तरी माहीत नाही किंवा तुम्हाला तरी माहीत नाही असं तो धरून चाललाय. एच४१० वर अकराव्या पिढीच्या बाबतीतही हीच गत. एएमडीच्या एएम-४ सॉकेटने या बाबतीत ग्राहकाला बरं वागवलं. एकाच सॉकेटवर अनेक पिढ्या चालल्या, शिवाय रायझनच्या प्रोसेसरमध्येच काही यूएसबी आणि डिस्कच्या जोडण्या असतात, म्हणून तिथे चिपसेटवरचा भार थोडा हलका. तरी ए३२० आहे का बी४५०, हे विचारायलाच हवं.

आता विंडोजचं बघू, कारण खरा चिमटा तिथे बसणार आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या वाढवून मिळाल्या, त्याही नाव नोंदवणाऱ्यांना आणि ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही कुलूपकिल्लीची सोय लागते. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर ही सोय चिपसेटमध्येच असते. बायोसमध्ये पीटीटी नावाने ती सापडेल, बंद असेल तर चालू करायची. म्हणजे इंटेलचा डेस्कटॉप घेत असाल तर बोर्ड ३०० मालिकेचा किंवा त्यापुढचा हवा. एच६१, एच८१ आणि एच११० तिघेही या रेषेच्या अलीकडे राहिले. शहरांतल्या ऑफिसांनी काढून टाकलेली ही मशीनं आता ढिगाने बाजारात येत आहेत आणि त्यांचा ओघ आपल्यासारख्या गावांकडे आहे. त्यावर पळवाटेने विंडोज ११ टाकून देणारेही आहेत. चालतं ते. पण अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

घरी पोरगं टायपिंग शिकतंय तोवर याची फिकीर नाही. पण ज्यांचं आपले सरकार सेवा केंद्र आहे, जे पीकविम्याच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या आधारची, सातबाऱ्याची, बँक पासबुकाची कागदपत्रं दिवसभर स्कॅन करून चढवतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे: दुरुस्त्या बंद झालेल्या मशीनवर गावाचे कागद ठेवू नका. तुमच्यासाठी चिपसेटचा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. बोटाचा ठसा घेणारं यंत्र, वेबकॅम, स्कॅनर, दोन प्रिंटर, कीबोर्ड, माउस आणि वर गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह, एवढी यूएसबीची रांग एका चिपसेटला सांभाळायची असते. एकाला चार करणारा स्वस्त हब लावून पोर्ट वाढतात, पण चिपसेट तेवढाच राहतो आणि पाच व्होल्टची वीजही त्याच एका पोर्टमधून ओढली जाते. ठसायंत्र मधेच "डिव्हाइस नॉट फाउंड" म्हणत असेल, तर ते आधी हबवरून काढून पेटीच्या मागच्या पोर्टमध्ये लावून बघा. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घेणं हा दुसरा उपाय.

पेटीच्या पुढचे पोर्ट ही तर चिपसेटच्या जिवावर उठलेली जागा. दिवसातून पन्नासदा पेनड्राइव्ह आत-बाहेर करून त्यातली जीभ वाकते, आतली पाच व्होल्टची पट्टी शेजारच्या डेटाच्या पट्टीला टेकते, आणि वीज सरळ चिपसेटात शिरते. मग सगळे यूएसबी एकदम बंद, किंवा चालू करताक्षणी चिपसेटवरचा तुकडा बोट ठेवता येणार नाही इतका तापतो. एरवी हा चिपसेट पाच-सहा वॅटच खातो. तो कोमट असावा, चटका बसू नये. वाकलेला पोर्ट दिसला की त्याची आतली वायर बोर्डावरून काढूनच टाका. पुढचा पोर्ट गेला तर काही अडत नाही.

चिपसेट गेला तर काय? "गरम हवा मारून देतो, चालू होईल" असं सांगणारे भेटतील. होतंही चालू, काही दिवस किंवा काही आठवडे. नीट करायचं तर चिप उचलून, नवे टाके बसवून, यंत्रावर पुन्हा डाकावी लागते. ते सगळीकडे होत नाही, आणि जुन्या एच६१ साठी तेवढा खर्च करणं शहाणपणाचं नाही. ही चिप बदलणं किती जड असतं ते खुद्द इंटेलने अनुभवलंय. ३१ जानेवारी २०११ ला त्यांनी जाहीर केलं, की नव्याने आलेल्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये डिस्कच्या काही जोडण्या काळानुसार मंदावत जातील असा दोष राहिला आहे. पी६७ आणि एच६७ चे बोर्ड तोवर लोकांच्या घरी पोचले होते. सहा जोडण्यांपैकी दोन ठीक होत्या, दोष चारांत होता. तरीही घरी जाऊन चिप बदलणं शक्य नव्हतं, बोर्डच बदलून द्यावे लागले. दुरुस्ती आणि बदलाच्या खर्चाचा इंटेलचा अंदाज ७० कोटी डॉलरचा होता.

आपल्या भागात बोर्ड मरतात ते दोषाने कमी आणि विजेने जास्त. बालाघाटच्या कुशीतला हा दुष्काळी पट्टा, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंग नावाला उरते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी एप्रिल-मेमध्ये अधूनमधून बादलीभर पाणी घाला. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर काहीतरी बिनसलंय. वळवाचे ढग दिसले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढायची. आपल्याकडे फायबर आहे म्हणून निर्धास्त राहणारे खूप आहेत. फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर आपल्याच विजेच्या बोर्डाच्या सॉकेटात आहे आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत तांब्याची वायर आहे.

घेताना पारख कशी करायची? मशीन चालू असताना विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत बोर्डाचं नाव दिसेल. त्याहून बरं म्हणजे सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम. त्यातल्या मेनबोर्डच्या पानावर बोर्ड आणि चिपसेट दोन्ही लिहून येतात. नव्या पेटीतल्या, नाव न ऐकलेल्या बोर्डावर तर हे जरूर करा. चीनमधून येणाऱ्या काही स्वस्त बोर्डांवर जुन्या बोर्डांवरून उचकटलेले चिपसेट पुन्हा बसवलेले असतात, आणि खोक्यावरचं नाव व आतली चिप जुळेलच असं नाही. असा बोर्ड वाईटच असतो असं नाही. पण तो नव्याच्या किमतीला घेऊ नये, आणि वॉरंटी दुकानाची आहे का कंपनीची, हे आधी विचारावं. "दुकानाची" असं उत्तर आलं, तर दुकान किती वर्षांचं आहे तेही बघावं.

बिल करताना आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवा. एच६१ आला २०११ मध्ये आणि एच६१० आला २०२२ मध्ये. मध्ये अकरा वर्षं गेली आणि बिलावर फरक एका शून्याचा. एच८१ आणि एच८१० यांतही तेच. बी८५ हा इंटेलचा २०१३ चा, तर बी८५० एएमडीचा अगदी अलीकडचा. हाताने लिहिलेल्या बिलात हे शून्य पुसट येतं, कधी येतच नाही. म्हणून कंपनी, बोर्डाचं पूर्ण नाव, चिपसेट आणि प्रोसेसरचा पूर्ण आकडा छापील बिलावर घ्या. दुकानदाराला राग येण्याचं कारण नाही. चांगला दुकानदार हे न सांगता लिहितो.

नवा सेट घेण्याची ऐपत असेल तर एच६१० चा साधा बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय-थ्री, हा घरासाठी आणि सेवा केंद्रासाठी पुरेसा संच आहे. चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनपुढे त्याचं नाव बारीक वाटेल, पण काम आणि आयुष्य जास्त. रॅम डीडीआर-४ ची लागते का डीडीआर-५ ची, ते बोर्डागणिक वेगळं असतं, तेवढं विचारून घ्या.

घरी एच६१ किंवा एच८१ पडून असेल तर तो भंगारात टाकू नका. साधी सॅटा एसएसडी लावा. निम्म्या वेगाच्या जोडणीवरही ती जुन्या हार्डडिस्कपेक्षा कितीतरी चपळ चालते. रॅम आठ जीबी करा, लिनक्स टाका, आणि मराठी टायपिंग, अभ्यासाचे व्हिडिओ, मुलांची खुडबुड यासाठी ठेवा. बँकेचे आणि आधारचे व्यवहार तेवढे त्यावर नकोत. शाळेला लोकवर्गणीतून किंवा देणगीत कॉम्प्युटर मिळणार असतील, तर मुख्याध्यापकांनी स्वीकारण्याआधी बोर्डांची यादी मागावी. देणाऱ्याला विचारायला संकोच वाटतो हे कळतं. पण दहा जुन्या पेट्यांपेक्षा चार नव्या बोर्डांच्या पेट्या वर्गात जास्त दिवस चालतील, आणि ही गोष्ट पैसे खर्च होण्याआधी कानावर आली तर देणगीदारालाही बरंच वाटेल.